बाग आपली, सभाही आपली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात आतापर्यंत परीक्षांचे निकाल वाचले गेले, गुणवंत मुलामुलींचे कौतुक झाले आणि संस्थेच्या जमाखर्चाचा ताळेबंदही आपणासमोर आला. आता बोलण्याची पाळी माझी आहे. ‘शाळेबाहेरचे नागरिकशास्त्र’ असा विषय मला देण्यात आला आहे. नागरिकशास्त्र हा विषय वर्गात किती लाडका आहे, हे समोर बसलेले विद्यार्थी जाणतातच! आदल्या रात्री पाठांतर करावयाचे, उत्तरपत्रिकेत उतरवावयाचे आणि घंटा झाली की विसरून जावयाचे. मूलभूत कर्तव्ये अकरा आहेत हे मुलांना पाठ असते. पण आपल्या वॉर्डाचे कार्यालय कोणत्या रस्त्यावर आहे, हे विचारले तर वर्ग शांत होतो. यात मुलांचा दोष नाही. जे घरी कधी बोलले जात नाही ते मुलांच्या कानावर पडणार कोठून?

म्हणून मोठमोठी तत्त्वे बाजूला ठेवून मी आज फक्त दोन साध्या गोष्टींबद्दल बोलणार आहे. एक म्हणजे गावातली किंवा शहरातली सार्वजनिक सभा आणि दुसरी म्हणजे सार्वजनिक बाग. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. बाग कोठे व्हावी हे सभेत ठरते. आणि झालेली बाग टिकेल की नाही, हे तेथे येणाऱ्यांच्या वागण्यावर ठरते. जो सभेला जात नाही त्याच्या वाट्याला बाग येत नाही, आणि जो बागेचे नियम पाळत नाही त्याच्या शब्दाला सभेत वजन राहत नाही. एवढेच मला सांगावयाचे आहे. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण.

प्रथम बागेविषयी बोलू. बाग ही हौसेची वस्तू आहे, पोट भरलेल्यांची चैन आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मी उलट म्हणतो. ज्याच्या बंगल्याभोवती अंगण आहे त्याला सार्वजनिक बाग नसली तरी चालते. तिची खरी गरज आहे ती दोन खोल्यांत आठ माणसे राहणाऱ्या घराला. आपल्या मोहल्ल्यांतली घरे कशी आहेत हे मी आपणास सांगावयास नको. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करतो. अस्रच्या नमाजनंतर म्हातारी माणसे एखाद्या दुकानाच्या फळीवर टेकतात, तीही गिऱ्हाईक येईपर्यंतच. मुलगे निदान रस्त्यावर क्रिकेट खेळतात. मुलींना तर तेवढेही नाही. सातवी-आठवीत गेल्यापासून शाळा ते घर आणि घर ते शाळा, एवढेच त्यांचे जग होऊन बसते. धावणे म्हणजे काय, हे त्या पाय विसरून जातात. अशा घरातल्या आईला, आजोबांना आणि मुलांना जी मोकळी हवा हवी असते ती विकत मिळत नाही. ती बागेतच मिळते.

आता मुंबईसारख्या शहरात ही मोकळी जागा किती आहे ते पाहा. तेथील मैदाने आणि उद्याने यांची जागा लोकसंख्येत वाटली, तर माणशी दोन चौरस मीटरसुद्धा भरत नाही. दोन चौरस मीटर म्हणजे किती? एक बाज टाकली की संपली! आणि ही झाली संपूर्ण शहराची सरासरी. दाट वस्तीच्या भागात तर बाजेचा एक पायही मावणार नाही.

मग बागा येतात कोठून? त्या कोणाच्या मर्जीने उगवत नाहीत. महाराष्ट्रात 1966 सालचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. या कायद्याप्रमाणे प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोणत्या भूखंडावर शाळा, कोठे दवाखाना, कोठे मंडई आणि कोठे बाग, हे त्या नकाशावर रंगाने दाखविले जाते. त्याला आरक्षण म्हणतात. आराखड्याचा मसुदा तयार झाला की तो लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवतात, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात तशी सूचना देतात आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवितात. ज्याने लेखी हरकत घेतली आणि सुनावणीची मागणी केली, त्याचे म्हणणे समितीपुढे ऐकून घेतले जाते. एवढे दार कायद्याने उघडे ठेवले आहे. त्या दारातून आत जावयाचे की नाही, हा प्रश्न आपला आहे.

आणि याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपालिकेने आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर जमिनीचा मालक तिला खरेदीची नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर ते आरक्षणच रद्द होते. मालकाच्या दृष्टीने यात अन्याय काहीच नाही. त्याची जमीन किती काळ अडकवून ठेवणार? परंतु मोहल्ल्याच्या दृष्टीने पाहा. नकाशावर दहा वर्षे हिरव्या रंगात दिसणारी बाग एके दिवशी नकाशावरूनही नाहीशी होते आणि तेथे इमारत उभी राहते. मग आपण म्हणतो, ‘आमच्या भागावर अन्याय झाला.’ अन्याय झालाही असेल. पण त्या दहा वर्षांत किती जणांनी पालिकेत जाऊन ‘आमच्या बागेचे काय झाले?’ असे लेखी विचारले होते?

लेखी विचारण्याने काय होते, अशी शंका येईल. अलीकडचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चुकांवर हजारो नागरिकांनी लेखी हरकती नोंदविल्या. मोकळ्या जागा, जुन्या वास्तू, रस्ते अशा अनेक बाबतींत लोकांनी आपापल्या वस्तीचा नकाशा समोर ठेवून चुका दाखवून दिल्या. परिणामी एप्रिल 2015 मध्ये राज्य शासनाने तो मसुदा नव्याने तपासून दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, 2018 मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षाच्या 1 सप्टेंबरपासून तो अंमलात आला. एवढ्या मोठ्या महानगराचा आराखडा साध्या कागदावरच्या अर्जांनी परत फिरविला, ही गोष्ट लहान नव्हे. गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

नगरपालिकेच्या कारभारात भाग घेणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट आहे असेही नाही. बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपण अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आदराने घेतो. ती संस्था 1874 साली स्थापन झाली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1873 मध्ये, ते मुंबईच्या नगरपालिकेवर निवडून गेले होते, याची आठवण फारशी काढली जात नाही. रहिमतुल्ला सयानी हे 1888 साली त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. याच 1888 साली मुंबई महानगरपालिकेचा जो कायदा झाला, तो अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्या काळी मताचा हक्क केवळ कर भरणाऱ्या मूठभर लोकांना होता. मुंबईत प्रौढ मतदानाने पालिकेची निवडणूक झाली ती 1948 मध्ये. म्हणजे ज्या काळी दार अर्धे बंद होते, त्या काळी ही माणसे आत गेली. शाळा काढणे आणि शहराच्या कारभारात बसणे ही दोन कामे त्यांना वेगवेगळी वाटली नाहीत. आज दार सर्वांना उघडे आहे आणि आपण उंबऱ्याबाहेर उभे आहोत!

आता सभांकडे वळू. खेड्यात ग्रामसभा असते. आपल्यापैकी पुष्कळांची घरे आजही गावी आहेत, म्हणून हे सांगतो. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. हजारो वस्तीच्या गावात शंभर माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, हे चित्र आपण पाहतोच. लग्नाच्या पंगतीला मात्र पाचशे माणसे न बोलावता येतात!

शहरात नगरपरिषदेच्या व महापालिकेच्या सर्वसाधारण सभा असतात. सभागृहाने एखाद्या वेळी वेगळे ठरविले नसेल, तर त्या लोकांना पाहण्यासाठी खुल्या असतात. तेथे आपणास बोलता येत नाही. पण आपला प्रतिनिधी बोलतो की झोपतो, हे डोळ्यांनी पाहता येते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्राने 2009 मध्ये कायद्यात सुधारणा करून क्षेत्रसभेची तरतूद केली. म्हणजे गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. कायद्याच्या पुस्तकात ती आहे, गल्लीत मात्र क्वचितच दिसते. का दिसत नाही? कारण ती घ्या असे म्हणणारेच कोणी नाही. पुणे महापालिकेने 2006-07 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान लहान कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. पदपथ, बाक, रस्त्यावरचे दिवे अशी कामे. त्यासाठी अर्ज भरून द्यावा लागे. ज्या वस्तीने अर्ज दिले त्या वस्तीचे काम निदान यादीत आले. ज्यांनी दिलेच नाहीत त्यांचे नाव यादीत शोधण्यात काय अर्थ?

2022 साली मुदत संपल्यानंतर राज्यातील अनेक महापालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता. वॉर्डात नगरसेवकच नसल्यामुळे गटार तुंबले तरी सांगावे कोणाला, असा प्रश्न त्या काळात लोकांना पडला. निवडून दिलेला माणूस आणि त्याला विचारणारी सभा यांची किंमत ती नसताना कळते.

सभेला का जात नाही, असे मी पालकांना विचारतो तेव्हा बहुधा तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की वेळ नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो, हे मला मान्य आहे. पण प्रत्येकाने प्रत्येक सभेला जावे असे कोण म्हणते? आपल्या जमातीच्या सभा चालतात त्या कशा? प्रत्येक आळीचा एक माणूस जातो, परत येऊन सांगतो. इमारतीतून एकाने जावे, पाळी लावावी. वर्षातून एक सभा इतका वेळ प्रत्येक घराला सहज काढता येईल.

दुसरे उत्तर भाषेचे. ‘सर, आम्हाला ऑफिसातली मराठी जमत नाही. चार लोकांत चूक झाली तर हसतील.’ ही अडचण खोटी नाही. घरात उर्दू किंवा दखनी, शाळाही उर्दू, आणि कचेरीतला कागद मात्र मराठीत. तो कागद वाचता न आल्यामुळे कित्येक चांगली, विचारी माणसे गप्प बसतात आणि त्यांच्या नावाने दुसराच कोणीतरी बोलतो. यावर उपाय आपल्या घरातच बसला आहे. आपला मुलगा, आपली मुलगी शाळेत मराठी शिकते, ती केवळ गुणांसाठी आहे काय? वडिलांनी बोलावे, मुलीने लिहावे. मोडक्या मराठीत बोललेले खरे गाऱ्हाणे कोणी नाकारत नाही. आणि हसलाच कोणी, तर हसू द्यावे. हसण्याने अर्ज रद्द होत नाही!

तिसरे उत्तर सर्वांत जड आहे. ‘आमचे कोण ऐकणार?’ हे वाक्य मी पुष्कळ तोंडून ऐकले आहे आणि ते बोलणाऱ्यांच्या अनुभवाला मी खोटे ठरविणार नाही. परंतु ज्याने एकदाही लेखी विचारले नाही त्याचे कोणी ऐकले नाही, असे म्हणता येत नाही; कारण ऐकण्यासारखे त्याने काही बोललेलेच नसते. या बाबतीत आमच्या नववीच्या वर्गाचा गेल्या वर्षीचा उपक्रम आपणास सांगतो.

शाळेजवळ पालिकेची एक लहानशी बाग आहे. वर्गाने तिची पाहणी केली आणि तीन मागण्यांचा एकपानी अर्ज लिहिला. पाण्याचा नळ दुरुस्त करावा, फाटकाजवळ दिवा लावावा आणि सकाळच्या सत्रातल्या मुली साडेबाराला सुटतात म्हणून बाग दुपारीही उघडी ठेवावी. अर्ज घेऊन मुले-मुली कचेरीत गेली. तेथील अधिकाऱ्यांनी अर्ज नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘झोपाळ्याची साखळी दोनदा तुटली. मोठी मुले उभी राहून झोके घेतात असे माळी सांगतो. ती मुले कोणत्या शाळेची?’ आमची मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. उत्तर सर्वांना ठाऊक होते!

परत आल्यावर वर्गाने आपणहून ठरविले की मधल्या सुट्टीत दोघांनी बागेत पाळीने उभे राहावयाचे आणि मोठ्या मुलांना झोपाळ्यापासून दूर ठेवावयाचे. दोन महिने हे चालले. नळ लवकर दुरुस्त झाला. दिव्यासाठी स्मरणपत्र द्यावे लागले. त्यात मुलांनी झोपाळ्याच्या व्यवस्थेची हकिकतही लिहिली. दिवा लागला. दुपारी बाग उघडण्याची मागणी मात्र नामंजूर झाली. कारण दिले होते की त्या वेळात माळी झाडलोट करतो आणि पाणी देतो. मुलींना ते कारण पटले, तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. फाटकाशेजारची सावलीची जागा तरी अर्धा तास मोकळी ठेवावी, असा नवा अर्ज त्यांनी दिला आहे. त्याचे उत्तर अजून यावयाचे आहे. तीनपैकी दोन कामे झाली, एक राहिले. सार्वजनिक कामात हा निकाल वाईट नव्हे. पण कामांपेक्षाही मोठी गोष्ट अशी की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना कळून चुकले, की मागणाऱ्याचे हात स्वच्छ असले म्हणजे मागणीला जोर येतो.

अर्ज करण्याची रीतही येथेच सांगतो, कारण पुष्कळ कामे रीत न समजल्यामुळे अडतात. एका अर्जात एकच विषय असावा. जागा नेमकी सांगावी, म्हणजे रस्ता, जवळची खूण आणि शक्य तर नकाशावरचा भूखंड क्रमांक. मागणी काय आहे ते शेवटी एका वाक्यात लिहावे. रागाचे शब्द गाळावेत. त्यांनी अर्ज लांबतो, काम लांबणीवर पडते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे. तरीही कोणी दाद दिली नाही, तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली?’ एवढे विचारावे. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

सभेत बोलतानाही काही पथ्ये आहेत. कार्यक्रमपत्रिका आधी वाचावी. दोन-तीन मिनिटांत मुद्दा मांडावा. दुसरा बोलत असताना मध्ये बोलू नये. आपल्या गल्लीचे बोलून झाले की उठून जाऊ नये. शेजारच्या वस्तीचे गाऱ्हाणेही ऐकावे. पाणी, कचरा, बाग या प्रश्नांना जात-धर्म नसतो. पलीकडच्या आळीतल्या आईलाही मूल खेळविण्यासाठी तीच जागा हवी असते. दोन आळ्यांनी मिळून एक अर्ज केला, तर त्याचे वजन दुपटीहून अधिक होते. आणि सभा संपल्यावर जो ठराव झाला तो इतिवृत्तात आला की नाही, हे पुढच्या वेळी जरूर विचारावे. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते.

आता बागेच्या नियमांविषयी. फाटकावर एक पाटी असते आणि ती वाचण्याची आपली प्रथा नाही! हिरवळीवर चालू नये, फुले तोडू नयेत, झोपाळे लहान मुलांसाठीच, ठरलेल्या वेळेनंतर थांबू नये, कचरा कुंडीत टाकावा. मुलांना हे नियम म्हणजे मोठ्यांची कटकट वाटते. वाटणारच, कारण त्यामागचे कारण त्यांना कोणी सांगत नाही. हिरवळीवरून रोज शेकडो पाय गेले की माती दाबली जाते, पाणी आत मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे चिखल होतो. लहान मुलाच्या वजनासाठी केलेल्या साखळीवर मोठा मुलगा उभा राहिला, तर ती आज तुटत नाही. झिजते, आणि उद्या एखादे पाच वर्षांचे मूल बसलेले असताना तुटते. वेफर्सची पुडकी गटाराच्या जाळीत अडकतात आणि बागेचे तळे होते. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे ती अशाच कारणांसाठी. झाडाला खिळा ठोकून पाटी लावली की त्या जखमेतून कीड शिरते. कोपऱ्यात पान खाऊन थुंकले की त्या कोपऱ्यात पुन्हा कोणी बाई बसत नाही. प्रत्येक नियमामागे कोणाची तरी अडचण लपलेली असते.

या शेवटच्या मुद्द्यावर पालकांनी अधिक विचार करावा. बागेत नियम मोडले जाऊ लागले की पहिल्याने कोण बाहेर पडते? दांडगी मुले पडत नाहीत. बाहेर पडतात त्या मुली, लेकुरवाळ्या आया आणि म्हातारी माणसे. ज्या वाटेवर लोक फिरतात तेथे टोलेजंग क्रिकेट सुरू झाले, टोळकी मोठ्याने गाणी लावून बसू लागली, की भल्या घरातली माणसे आपल्या मुलींना म्हणतात, ‘तिकडे जाऊ नकोस.’ बाग उघडी असते, पाटी शाबूत असते, पण अर्ध्या वस्तीला ती बंद झालेली असते. म्हणून मी मुलग्यांना विशेष सांगतो. तुम्ही नियम पाळता तेव्हा पालिकेवर उपकार करीत नाही. आपल्या बहिणीला बागेत येण्याची वाट मोकळी करून देता.

सगळे नियम शहाणेच असतात असे मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी मुलांना चेंडू आणण्यास सरसकट मनाई असते, काही ठिकाणी बाग अशा वेळी बंद होते की कामावरून आलेल्या माणसाला ती कधीच मिळत नाही. असा नियम बदलला पाहिजे. पण तो भिंतीवरून उडी मारून बदलत नाही, सभेत उठून बोलल्याने बदलतो. भिंतीवरून उडी मारणाऱ्यामुळे भिंत आणखी उंच होते. अर्ज करणाऱ्यामुळे फाटक उघडते.

मुंबईच्या भायखळ्याची राणीची बाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. ती 1862 साली लोकांसाठी खुली झाली. नागपाडा, मदनपुरा, माझगाव अशा दाट वस्त्यांतल्या पिढ्यान् पिढ्यांनी ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांना जेथे नेले, ती हीच बाग. तेथील कित्येक झाडे आपल्या आजोबांच्या आजोबांहून वयाने मोठी आहेत. ती टिकली, कारण ती जपणारी माणसे होती. आणि 2007 नंतर जेव्हा तिचे रूप पालटून टाकणारी योजना पुढे आली तेव्हा झाडांसाठी, मोकळ्या जागेसाठी हरकती घेणारे नागरिकही उभे राहिले. दीडशे वर्षांहून अधिक काळ एखादी बाग जगते ती दोन प्रकारच्या माणसांमुळे. एक, जी तिच्यात नीट वागतात. दुसरी, जी तिच्यासाठी सभेत बोलतात. माझी इच्छा आहे की या सभागृहातला प्रत्येक माणूस या दोन्ही प्रकारांत मोडावा.

भगिनींना एक विनंती. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी अर्ध्या जागा राखीव आहेत. जागा अर्ध्या मिळाल्या. पण सभेच्या खुर्च्यांत आपण अर्ध्या आहात काय? बागेत दिवा कोठे हवा, स्वच्छतागृह का हवे, फाटक किती वाजेपर्यंत उघडे असावे, हे पुरुषांना सुचत नाही असे नाही, उशिरा सुचते. ज्याचे जळते त्यालाच कळते. आपण बोललात तर ते आधी होईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे मी तीनच गोष्टी मागतो. आपल्या वॉर्डाचे कार्यालय कोठे आहे, ते या महिन्यात पाहून या. आपल्या मोहल्ल्यात विकास आराखड्यात बागेसाठी किंवा मैदानासाठी जागा राखली आहे काय, हे नगररचना विभागात वडिलांबरोबर जाऊन विचारा. आणि असेल तर तिच्यावर आज काय उभे आहे, ते डोळ्यांनी पाहा. तिसरी गोष्ट, आज संध्याकाळी बागेत जाल तेव्हा फाटकावरची पाटी एकदा पूर्ण वाचा. जो नियम पटणार नाही तो वहीत लिहून ठेवा आणि सोमवारी वर्गात घेऊन या. आपण मिळून त्याचा अर्ज लिहू.

आपण माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतलेत. पुढच्या सभेत आपले म्हणणे इतक्याच शांतपणे ऐकले जावो, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि अध्यक्ष महाशयांची परवानगी घेऊन माझे भाषण येथेच संपवितो.